फेकीचा वेग हातात नाही, पायात असतो: आपल्या मुलांच्या कोपरासाठी थोडं विज्ञान

मागच्या पालक सभेला एक अम्मी आल्या होत्या. तक्रार अभ्यासाची नव्हती. त्या म्हणाल्या, "सर, याला सांगा जरा. लहानपणापासून शिकवलं तरी आता डाव्या हाताने पाणी पितो." घरी त्यांनी पोराला दटावलं होतं, "उल्टे हाथ से पानी पीरा क्या रे?" त्यावर पोरगा खाली मान घालून एवढंच म्हणाला होता, "अम्मी, सीधा हाथ मुडताच नै."

मुलगा तेरा वर्षांचा, सातवीतला. आम्ही त्याचा हात हातात घेऊन पाहिला. कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं, पूर्ण मिटतही नव्हतं आणि आतल्या बाजूच्या हाडावर बोट ठेवलं की तो दचकत होता. पडला का? नाही. मारामारी? नाही. मग हळूहळू कळलं की मोहल्ल्यात हाफ पिच टुर्नामेंट होत्या, त्यात "सगळ्यात फास्ट टाकणारा" म्हणून याच्याच हातात चेंडू असायचा. रोज असरनंतर मगरिबपर्यंत, आणि रमजानमध्ये तरावीहनंतर हॅलोजनच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. फ्रॅक्चर नव्हतं, पण कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे हाड अजून वाढतंय तिथे, ताण आला होता. सहा आठवडे फेकणं बंद.

त्याच्या अब्बांचा प्रश्न आमच्या डोक्यात राहिला. ते म्हणाले, "सर, चेंडू तर रबराचा, टेनिसचा. एवढ्याशा चेंडूनं हाड कसं दुखावेल?" प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर शोधताना जे वाचलं आणि समजलं, ते इथे मांडतो आहोत. परभणी शहर असो, पाथरी, मानवत, जिंतूर किंवा गंगाखेड असो, आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात असा एक "फास्ट" पोरगा असतोच.

आपली मुलं बेसबॉलच खेळतात, फक्त नाव वेगळं

गल्लीतल्या हाफ पिच क्रिकेटमध्ये फेकी बॉलिंग चालते. म्हणजे हात सरळ फिरवायचा नाही, कोपर वाकवून दगड मारावा तसा चेंडू मारायचा. क्रिकेटच्या नियमात हे बसत नाही. पण जगात एक मोठा खेळ आहे ज्यात हेच करायचं असतं, तो म्हणजे बेसबॉल. तिथे चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो जागेवर उभा राहून ६० फूट ६ इंच, म्हणजे साधारण १८.४४ मीटर अंतरावर चेंडू फेकतो. त्यातला सर्वात वेगवान नोंदलेला चेंडू अरोल्डिस चॅपमनचा. सप्टेंबर २०१० मध्ये त्याने ताशी १०५.८ मैल, म्हणजे सुमारे १७० किलोमीटर वेगाने चेंडू टाकला. क्रिकेटमधला विक्रम शोएब अख्तरच्या नावावर आहे. २००३ च्या विश्वचषकात केपटाऊनला इंग्लंडविरुद्ध त्याने ताशी १६१.३ किलोमीटरचा चेंडू टाकला होता.

गंमत पाहा. शोएब एवढा लांबून धावत यायचा, चॅपमन जागेवरून एक पाऊल टाकून फेकतो, तरी चॅपमनचा वेग जास्त. कारण त्याला कोपर वाकवून सरळ करायची मुभा आहे. क्रिकेटमध्ये २००५ पासून आयसीसीचा नियम आहे की चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. वाकलेलं कोपर झटक्यात सरळ करणं ही वेगाची मोठी किल्ली आहे आणि दुखापतीचीही. आमच्या विद्यार्थ्याचं कोपर दुखलं ते यामुळेच. बेसबॉल पिचरांवर पन्नासेक वर्षं जो अभ्यास झाला, तो म्हणून आपल्या गल्लीतल्या पोरांना थेट लागू पडतो.

गोफण आठवते का?

आमच्या वयाच्या लोकांनी शेतात गोफण पाहिली आहे. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलायची. गोफणीत दगड ठेवला की तो हातानं फेकल्यापेक्षा कितीतरी लांब जातो. ताकद तीच, दगड तोच, मग फरक कुठून आला? दोरीमुळे दगड मोठ्या वर्तुळात फिरतो. मनगटाचा छोटासा झटका दोरीच्या टोकाला मोठा वेग होऊन पोचतो. बैलगाडीवाल्याचा आसूडही तसाच. मूठ हळू हलते, टोक मात्र इतकं वेगात जातं की कडाड आवाज होतो.

आपला हात म्हणजे हाडामांसाची गोफणच आहे. पण त्याची सुरुवात खांद्यापासून होत नाही, जमिनीपासून होते. शास्त्रज्ञ याला गतीची साखळी म्हणतात. एक कडी दुसऱ्या कडीला वेग देते आणि स्वतः थांबते:

पहिली कडी पाय. पिचर पुढचं पाऊल लांब टाकतो, साधारण स्वतःच्या उंचीच्या ८० टक्क्यांच्या आसपास. मागचा पाय जमिनीला ढकलतो, पुढचा पाय ब्रेक मारतो. चालत्या रिक्षाने करकचून ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो, तसं पुढचा पाय घट्ट रोवला की वरचं शरीर पुढे झेपावतं.

दुसरी कडी कंबर. पाय रोवल्यावर आधी कंबर वळते, छाती अजून मागेच असते. ओला टॉवेल पिळतो तसा धडाला पीळ बसतो. चांगल्या पिचरमध्ये कंबर आणि खांदे यांच्यात ४० ते ६० अंशांचा फरक दिसतो.

तिसरी कडी धड आणि खांदा. पीळ सुटतो, छाती वळते आणि हात मात्र जडपणामुळे मागेच राहतो. पुढचा हात इतका मागे झुकतो की तळवा जवळपास आकाशाकडे होतो. या क्षणी खांद्याच्या शिरा आणि स्नायू रबरासारखे ताणलेले असतात.

चौथी कडी कोपर आणि मनगट. ताणलेलं रबर सुटतं. मोठ्या पिचरचा दंड खांद्यात सेकंदाला सुमारे ७,००० अंश या वेगाने आत फिरतो. म्हणजे सेकंदाला एकोणीस फेऱ्यांचा वेग. घरातला छताचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला तीन-साडेतीनशे फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला सहाच्या आत. खांदा त्याच्या तिप्पट वेगाने फिरतो, फक्त क्षणभर. मागे झुकलेल्या हातातून चेंडू सुटेपर्यंत सेकंदाचा विसावा भागही लागत नाही.

शेवटची कडी बोटं. चेंडूला शेवटचा स्पर्श आणि फिरकी तीच देतात.

आता लक्षात येईल की "हाताला जोर लाव" असं ओरडणारा कॅप्टन चुकीचा सल्ला देतो. साखळीतल्या खालच्या कड्या आळशी राहिल्या तर वेग कमी होतो. मग पोरगा ती कसर खांद्याने आणि कोपराने भरून काढतो. वेग थोडा मिळतो, पण त्याची किंमत कोपर मोजतं.

अल्लाहने माणसालाच दिलेली देणगी

चिंपांझी माणसापेक्षा कितीतरी बलवान असतो. पण तो चेंडू फेकतो तेव्हा वेग ताशी तीसेक किलोमीटरच्या आसपास राहतो. आपल्या शाळेतला बारा वर्षांचा पोरगा त्याला आरामात हरवतो. २०१३ मध्ये नील रोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात याचं कारण मांडलं. लवचिक कंबर, खाली आलेला आणि बाजूला वळलेला खांदा, आणि दंडाच्या हाडाचा कमी पीळ, यामुळे माणसाच्या खांद्यात रबरासारखी ऊर्जा साठते आणि एकदम सुटते. चिंपांझीच्या खांद्यात हे जमत नाही. इतक्या वेगाने आणि नेमकं फेकणं हे माणसाचंच वैशिष्ट्य आहे. आणि ही देणगी अमानत म्हणून सांभाळायची असते, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

भालाफेकीतून बेसबॉलकडे: रिंकू आणि दिनेश

"आपल्याकडे कुठे बेसबॉल?" असं कोणी म्हणेल. २००८ ची गोष्ट आहे. जे. बी. बर्नस्टीन नावाच्या अमेरिकन एजंटने भारतात एक स्पर्धा घेतली. चेंडू फेका, वेग आणि नेम दाखवा, अमेरिकेत चला. हजारो मुलं आली. पहिला आला रिंकू सिंह, उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्याचा. त्याचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या आसपास मोजला गेला. दुसरा होता दिनेश पटेल. दोघांनी त्याआधी बेसबॉल हातात धरलेला नव्हता. दोघेही लखनौच्या स्पोर्ट्स हॉस्टेलमध्ये भाला फेकत होते.

अमेरिकेत टॉम हाऊस या प्रशिक्षकाने त्यांना काही महिन्यांत तयार केलं आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने दोघांना करारबद्ध केलं. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये करार मिळालेले ते पहिले भारतीय. त्यांच्यावर २०१४ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' हा सिनेमाही आला.

ते इतक्या लवकर कसे शिकले? भालाफेकीची साखळी तीच आहे. पुढचा पाय रोवणं, कंबर आधी, खांदा नंतर, हात शेवटी. नीरज चोप्राने टोकियोत ७ ऑगस्ट २०२१ ला ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्ण जिंकलं, त्या फेकीचं चित्रण हळू करून पाहा. डावा पाय जमिनीत खुंटीसारखा रोवला जातो आणि उजवा हात सगळ्यात शेवटी येतो. त्याच नीरजच्या उजव्या कोपरावर २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया करावी लागली होती. एवढा तंत्रशुद्ध खेळाडू, एवढी काळजी घेणारी टीम, तरी कोपर वाचलं नाही. मग आपल्या पोराचं काय?

श्रीरामपूरच्या झहीरकडून काय शिकावं

आपल्या जवळचं उदाहरण झहीर खानचं. जन्म १९७८, गाव श्रीरामपूर, तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. आपल्यासारखंच तालुक्याचं गाव. तिथून तो मुंबईला गेला, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिली यांच्याकडे शिकला आणि २००० मध्ये भारताकडून खेळला. सुरुवातीला त्याची ओळख वेगाची होती. मग दुखापती सुरू झाल्या, संघातली जागा गेली. २००६ मध्ये तो इंग्लंडला वूस्टरशायर काउंटीकडून खेळायला गेला आणि एका हंगामात ७८ बळी घेऊन आला. परत आला तो वेगळा गोलंदाज होऊन. रन-अप आखूड केला, शक्ती वाचवली, चेंडू दोन्ही बाजूंना वळवायला शिकला. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक. कसोटीत एकूण ३११.

वेग कमी झाला आणि गोलंदाज मोठा झाला. ही गोष्ट आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुलं जरा गप्प होतात.

क्रिकेटच्या गोलंदाजीत हात सरळ असतो, म्हणून कोपर तुलनेने सुटतं, पण ओझं कमरेवर जातं. धावत येऊन पुढचा पाय आपटला की जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहून जास्त झटका येतो. म्हणून वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्यात बारीक चिरा पडतात. जसप्रीत बुमराला २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात वीस उत्तम वेगवान गोलंदाजांचा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगातला बहुतेक फरक चार गोष्टींनी समजतो असं त्यांना दिसलं: धावत येण्याचा वेग, पुढचा गुडघा सरळ राहणं, धड पुढे झुकणं आणि हात उशिरा येणं. चारपैकी तीन गोष्टी पाय आणि धडाच्या. हाताबद्दलची एकच, आणि ती सांगते की हाताने घाई करू नये.

मग रबरी चेंडूने हाड कसं दुखतं?

आता त्या अब्बांच्या प्रश्नाकडे येऊ. टेनिसचा चेंडू साधारण ५८ ग्रॅमचा, क्रिकेटचा लेदर चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, बेसबॉल १४५ ग्रॅमच्या आसपास. पण फेकताना आपण फक्त चेंडू फेकत नाही, आपला हातही फेकतो. एका हाताचं वजन शरीराच्या साधारण ५ टक्के असतं. ४५ किलोच्या मुलाचा हात म्हणजे सव्वादोन किलो. हा सव्वादोन किलोचा हात तो क्षणात वेगात आणतो आणि चेंडू सुटल्यावर तेवढ्याच झटक्यात थांबवतो. चेंडू निघून जातो, पण हात थांबवायचं काम खांद्यालाच करावं लागतं. मोठ्या पिचरमध्ये त्या क्षणी हात खांद्यातून बाहेर ओढणारं बल त्याच्या शरीराच्या वजनाएवढं होतं. चेंडू हलका केल्याने ताण थोडा कमी होतो, संपत नाही.

कोपराचं गणित आणखी कठीण. हात मागे झुकलेला असताना कोपराची आतली बाजू उघडायला बघते. मोठ्या पिचरमध्ये तिथे सुमारे ६४ न्यूटन-मीटरचा पीळ मोजला गेला आहे. सोप्या भाषेत, पुढचा हात आडवा धरून मनगटाला २५ किलोचं गव्हाचं पोतं टांगलं तर कोपराला जेवढं जाणवेल तेवढं. कोपराच्या आतल्या बाजूची जी पट्टी म्हणजे लिगामेंट हाडं बांधून ठेवते, ती एकटी प्रयोगशाळेत याच्या जवळपास निम्म्या ताणाला तुटते. बाकी भार स्नायू उचलतात. आता विचार करा, स्नायू थकले तर? सगळा भार त्या पट्टीवर येतो.

१९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरची ही पट्टी तुटली. त्या काळी असं झालं की खेळ संपला असं समजायचे. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हाताच्या मनगटाजवळची एक शीर काढून कोपरात बसवली. टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. आज त्या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव आहे. पण बरं व्हायला वर्षभर किंवा जास्त लागतं, आणि खर्च आपल्यासारख्या घरांना झेपणारा नाही.

लहान मुलांत गोष्ट वेगळी आहे. त्यांची पट्टी अजून हाडापेक्षा मजबूत असते. हाडाच्या टोकाशी वाढीची मऊ कूर्चा असते, ती वयात येईपर्यंत हाडात रूपांतरित होत नाही. म्हणून मुलांत आधी पट्टी नव्हे, कूर्चाच ओढली जाते. आमच्या विद्यार्थ्याचं नेमकं हेच झालं होतं. वेळीच थांबलं तर ती भरून येते. दुखत असताना फेकत राहिलं तर ती हाडापासून सुटूही शकते.

थकवा हा खरा दुश्मन

अमेरिकेत तरुण पिचरांवर झालेल्या एका अभ्यासात, थकलेल्या हाताने नेहमी खेळत राहणाऱ्यांमध्ये गंभीर दुखापतीचा धोका ३६ पटीने जास्त दिसला. म्हणून तिथे वयानुसार चेंडूंची हद्द ठरवली आहे. सामन्यात दिवसाला ९-१० वर्षांच्या मुलाने ७५, ११-१२ वर्षांच्याने ८५ आणि १३ ते १६ च्या मुलाने ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत. त्यानंतर सुट्टी. १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने २१ ते ३५ चेंडू टाकले तर एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ च्या पुढे चार दिवस आराम. शिवाय वर्षात चार महिने फेकणं पूर्ण बंद. ही वरची हद्द आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे.

इंग्लंडमध्येही क्रिकेटसाठी अनेक वर्षं दंडक होता की १३ वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाने एका वेळी ५ षटकं आणि दिवसात १० षटकंच टाकावीत.

आपल्याकडे काय चालतं? संध्याकाळी चार सामने, चारही सामन्यांत तोच पोरगा. मग फिल्डिंगला सीमारेषेवर, तिथूनही थ्रो त्याचेच. रमजानमध्ये दिवसभर रोजा, अंग थंड, रात्री अकराला वॉर्म-अप न करता थेट पूर्ण जोर, मग सहरीपर्यंत जाग आणि सकाळी शाळा. झोप कमी, पाणी कमी, थकवा जास्त. रमजानची रात्र इबादतीची की क्रिकेटची, हा निर्णय प्रत्येक घराने करावा. पण शरीराच्या बाजूने बघितलं तरी ही वेळ पूर्ण जोराने फेकण्याची नाही, हे आम्ही शिक्षक म्हणून सांगू शकतो.

आणि आपल्या मुली?

"मुलीसारखा काय फेकतो?" हे वाक्य आम्ही मैदानावर रोज ऐकतो. मुली कोपराने ढकलल्यासारखं फेकतात, कंबर वळवत नाहीत, ज्या हाताने फेकतात त्याच बाजूचा पाय पुढे टाकतात. हे खरं आहे, पण याचं मोठं कारण सराव नसणं आहे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलामुलींवर झालेल्या अभ्यासात, जिथे मुलीही लहानपणापासून फेकतात तिथे मुलगा-मुलगी यांच्यातला फरक अमेरिकेतल्या मुलांपेक्षा कमी दिसला. आमच्या अनुभवातही तेच आहे. मुलींना फक्त दोन गोष्टी सांगा, उलटा पाय पुढे टाका आणि आधी पोट वळवा, मग हात. आठवडाभरात फेक बदलते.

शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही आहेत, १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत, मुलींसाठीही. मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या कामगिरीवर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळू शकतात आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रात्रीच्या टुर्नामेंटच्या ट्रॉफीवर यातलं काहीच मिळत नाही. ज्या हाताला एवढा वेग आहे, त्याला नीट रस्ता दाखवला तर तो घराच्या कामी येईल.

मोबाइलवर वेग मोजा

घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग. टेपने चेंडू सुटण्याच्या जागेपासून बॅटपर्यंतचं अंतर मोजा, समजा १४ मीटर. बाजूने व्हिडिओ काढा. साधा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो. चेंडू सुटल्यापासून बॅटपर्यंत १८ चित्रं मोजली तर वेळ ०.६ सेकंद. १४ भागिले ०.६ म्हणजे सेकंदाला २३.३ मीटर, त्याला ३.६ ने गुणलं की ताशी ८४ किलोमीटर. एक चित्र चुकलं तर उत्तर पाच किलोमीटरने बदलतं, म्हणून स्लो मोशन वापरा. आणि हा सरासरी वेग आहे, टप्पा पडल्यावर चेंडू मंदावतो, म्हणजे हातातून सुटताना तो याहून जास्त असतो.

आम्ही वर्गात हे केलं तेव्हा मुलांना दोनदा मोजायला लावलं. आधी नुसत्या हाताच्या जोराने, मग हात सैल ठेवून पाय आणि कंबर नीट वापरून. बहुतेकांचा दुसरा आकडा मोठा आला. गणिताचा तास असा आम्हालाही क्वचितच मिळतो.

पालकांनी एवढंच करावं

मुलगा "फास्ट" असेल तर रोज किती चेंडू टाकले हे विचारा. कोपर किंवा खांदा दुखतो म्हणाला तर बाम चोळून परत मैदानावर पाठवू नका. खेळानंतर थोडं अंग दुखणं वेगळं, सांध्यात एका जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात फेकणं लगेच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. खेळाआधी दहा मिनिटं धावणं आणि हळू फेकणं, लागोपाठच्या दिवशी पूर्ण जोर नाही, आणि पोरगा उंच होत असेल त्या वर्षात जास्त सांभाळ. हाताची वाटी मिटत नाही, कोपर सरळ होत नाही, अचानक दुसऱ्या हाताने काम सुरू होतं, या खुणा आधी अम्मीलाच दिसतात. त्या अम्मींनी आदब शिकवायला म्हणून पोराला शाळेत आणलं, म्हणून त्याचं कोपर वाचलं.

तो मुलगा आता बरा आहे. सहा आठवडे संपल्यावर डॉक्टरांनी हळूहळू सुरू करायला सांगितलं. त्याने गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता आखला आहे: तारीख, चेंडू, दुखलं की नाही. परवा आम्ही पाहिलं, ३० चेंडूंवर त्याने रेघ मारली होती आणि टीमवाले हाका मारत असताना तो बाजूला बसला होता, उजव्या हातात पाण्याची बाटली घेऊन.